चाकात घातलेलं मीठ

होळीला आठ-दहा दिवस उरले की वारा फिरतो. दुपारी तीनच्या सुमाराला खाडीकडून यायला लागतो आणि करंजाड्यातल्या आमच्या पाचव्या मजल्यावरच्या खिडकीचे गज संध्याकाळपर्यंत बोटाला चिकट लागतात. शेजारच्या वहिनी म्हणतात, हल्ली धूळ फार झालीय. मी बोट जिभेला लावून बघते. धूळ कसली, मीठ आहे ते. मिठागरं गेली, अर्धी खाडी भरून काढली, आमचं गाव विमानतळाच्या सपाट जमिनीखाली गेलं, पण वाऱ्याला कुणी नोटीस दिली नाही. तो आपला दरवर्षी येतो आणि गजांवर बसतो.

नोटिशीवरून आठवलं. आमच्या सोसायटीच्या फळ्यावर गेल्या आठवड्यात एक लागलीय. ‘पार्किंगमध्ये वाहन खोलण्यास व दुरुस्त करण्यास सक्त मनाई आहे.’ खाली सेक्रेटरींची सही. नाव कुणाचंच नाही, पण या बिल्डिंगमध्ये पार्किंगात फतकल मारून गाडी खोलणारी माणसं किती, तर एक. मी. वय सत्त्याहत्तर. माझी मोटारसायकल जुनी आहे, तारांच्या चाकांची, आत ट्यूब असलेली. तिच्यावरून मी बावीस वर्षं शाळेत शिकवायला गेले. आता चालवते कमी आणि खोलते जास्त. सेक्रेटरी चांगला मुलगा आहे, ऐरोलीला कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. मला जिन्यात गाठून म्हणाला, “आजी, कशाला एवढं टेन्शन घेता? मेकॅनिकला बोलवा ना, फोन केला की येतो.” मी म्हटलं, बघू. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे ‘नाही’.

हा वारा आणि ही मनाई एकत्र आली की मला एकच हंगाम आठवतो. साठ साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. नवी मुंबई हे नाव तेव्हा कुणाच्या कानावर नव्हतं. पनवेल होतं, आणि पनवेलभोवती खाडी, बांध घालून राखलेली भातशेती आणि मिठागरं. मार्च म्हणजे मिठाचा ऐन हंगाम. वाफ्यांतलं पाणी आटत यायचं आणि दुपारच्या उन्हात त्यावर सायीसारखा मिठाचा थर धरायचा. बायका अनवाणी पायांनी टोपल्या वाहायच्या. बांधावर मिठाच्या राशी इतक्या पांढऱ्या असायच्या की आमच्याकडे पोरं उन्हात डोळे बारीक करूनच मोठी व्हायची. माझा एक डोळा अजून बारीक आहे, त्यामुळे मी कायम कुणावर तरी संशय घेतेय असं लोकांना वाटतं. बऱ्याचदा घेतही असते.

आबा, म्हणजे माझे वडील, त्या मिठागरावर मुकादम होते. मिठागराचे मालक पनवेलचे शेठ. त्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावात एक मोटारसायकल घेतली होती, आणि गुडघे गेल्यावर ती आबांना देऊन टाकली, बांधावरून फिरायला. हिरव्या रंगाची, जड, रेड्यासारख्या मानेची गाडी. खाडीचं पाणी आत घेणाऱ्या आणि बाहेर सोडणाऱ्या उघाड्या बांधावर लांब लांब होत्या. त्या बघायला आबा भरती-ओहोटीच्या वेळा धरून गाडीवरून जायचे. गाडी आली की बगळे उडायचे. गावात दुसरं इंजिन नव्हतं, त्यामुळे तिचा आवाज म्हणजेच आबा.

त्या गाडीवर मला पहिल्यांदा आबांनी बसवलं तेव्हा मी एका बाजूला पाय सोडून बसले आणि दुसऱ्याच वळणावर चिखलात पडले. आबा म्हणाले, “दोन्हीकडं पाय टाक आनि बस. चिखलात पडून कसली अब्रू राहते?” तेव्हापासून मी दोन्हीकडे पाय टाकून बसते. गावाला ते दिसत होतं आणि खुपतही होतं.

माझा साखरपुडा पंधराव्या वर्षीच झाला होता. मुलगा वाईट नव्हता. मी त्याला दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा तो आपल्या चपलांकडे बघत होता. त्या घरून एक हिरवी साडी आली, बांगड्या आल्या आणि पावडरचा एक डबा आला. पत्र्याचा, गोल, झाकणावर फूल हुंगणाऱ्या बाईचं चित्र. गावात असा डबा त्याआधी कुणाला आला नव्हता. आयेनं, म्हणजे माझ्या आईनं, तो जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला. लग्नाच्या दिवशी उघडायचा. मी एकदा चोरून झाकणाला नाक लावलं होतं. पत्र्यातूनही वास यायचा. खरं सांगायचं तर त्या लग्नात मला आवडलेली वस्तू तेवढीच.

मी अकरावीत होते. तेव्हा अकरावीलाच बोर्डाची परीक्षा असायची. आमच्या गावातून त्या परीक्षेला बसणारी मी पहिलीच मुलगी. पौष संपता संपता मुलाकडचे आले आणि म्हणाले, फाल्गुनात लग्न उरकून टाकू, शाळा पुरे झाली. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. म्हटलं, परीक्षा झाल्यावर. मुलाचा मामा म्हणाला, परीक्षा देऊन काय कलेक्टर होणारेस? मी ट्रे खाली ठेवला आणि म्हणाले, मग मना हे लगीनच नको. आयेनं हातातली बशी खणकन खाली ठेवली, तिचा आवाज मला अजून ऐकू येतो. पण शब्द बाहेर पडला होता, आणि मला तो परत घ्यायचा नव्हता. आजही घ्यायचा नाही.

आमच्याकडे सुपारी फुटते, म्हणजे सोयरीक ठरते, ती गावकीच्या साक्षीनं. मोडायची तर गावकीच मोडणार. पाच पंच देवळाच्या ओट्यावर बसले. आबा समोर उभे. पंच म्हणाले, मुलीच्या बोलण्यावर सोयरीक मोडत नाही. आबा म्हणाले, “मंग माझ्या बोलन्यावर ठरवा. पोरगी परीक्षेचे सगले पेपर देईल. दिले तर सुपारी मोडली. एक पेपर जरी चुकला तरी अक्षय तृतीयेला तुमी म्हनाल तिथं मी तिला उभी करीन.” पंचांनी मान्य केलं. आणि पेपर संपेपर्यंत आम्हाला वाळीत टाकलं.

वाळीत टाकणं म्हणजे काय हे आताच्या फ्लॅटमधल्या माणसांना कसं सांगू? तुमच्याशी कोणी बोलत नाही, यात त्यांना काही विशेष वाटणार नाही. पण आमच्या गावात रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला “जेवलास का” विचारल्याशिवाय पुढे जाता येत नसे. ते सगळे एका दिवसात मुके झाले. विहिरीवर आये गेली की बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या. होळीच्या दिवशी गावाच्या होळीत आमचा नारळ घेतला नाही. आबांनी काय करावं? अंगणात स्वतःची होळी रचली, वर एक जुना फाटका टायर ठेवला आणि दिवस मावळताच पेटवून दिली. काळा धूर सगळ्या गावावर गेला. आबा नारळ खात म्हणाले, “आता सांगा, कोनाची होळी मोठी.” आये मात्र आत जाऊन बसली. तिला हे काहीच नको होतं. लग्नही मोडायला नको होतं, गावही तोडायला नको होतं. दोन महिने ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती.

सगळ्यात मोठी अडचण होडीची. शाळेला आणि पनवेलला जायचं तर होडीनं खाडी ओलांडायची, पाऊण तासात पलीकडे. होडी चालवायचे गोमाकाका, आबांचे सख्खे चुलतभाऊ. लहानपणी ते मला वल्ह्यावर बसवायचे. वाळीत टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी मी धक्क्यावर गेले तर त्यांनी होडी दोरीवरून सोडली आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. मग उरला बांधाचा रस्ता, खाडीला वळसा घालून नऊ मैल. सकाळी अकराला पेपर, दुपारी दुसरा. रोज जाऊन-येऊन अठरा मैल चालायचं आणि वर दोन पेपर द्यायचे, हे जमलं नसतं. म्हणजे माझी परीक्षा, माझं लग्न आणि आबांचा शब्द, सगळं त्या मोटारसायकलच्या दोन चाकांवर येऊन बसलं.

आणि मागचं चाक पंक्चर झालं. परीक्षा दोन दिवसांवर असताना. बांधावर कालवांच्या शिंपल्यांचा ढीग होता, त्यातली एक कपची घुसली.

चाक घेऊन पनवेलला जायचं तर होडी नाही. गावात सायकली दुरुस्त करणारा एक जण होता, तो आम्हाला लांबून बघूनच आत गेला. आबा म्हणाले, घरीच करू. आम्ही ते काम एकदाच पाहिलं होतं, दिवाळीच्या सुमाराला, पनवेलच्या बाजारात इब्राहिमचाचांच्या दुकानात. चाचा मूळचे आमच्याच पट्ट्यातले, कोकणी मुसलमान, उंच, हाताला कायम रबराचा वास. त्यांनी तीन लोखंडी पट्ट्या टायरच्या कडेखाली घालून टायर रिमवरून असा उतरवला होता की जणू पायातला मोजा. ट्यूब बाहेर काढली, पाण्यात धरून बुडबुडे पाहिले, भोक घासून ठिगळ लावलं. आणि शेवटी एका डब्यातून पांढरी पूड काढून ट्यूबला सगळीकडून चोळली. म्हणाले, “ये लावलं की ट्यूब टायरला चिकटत नाय, बेटी. आत घासत नाय.” मी सगळं डोळ्यांत साठवून घेतलं. माझा डोळा बारीक, पण स्मरण पक्कं.

ती पूड कसली, हे मात्र मी विचारलं नाही. विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. आमच्या घरात, आमच्या गावात, डोळ्यांसमोर उभ्या असलेल्या सगळ्या जगात पांढरी पूड म्हणजे मीठ. दुसरं काय असणार?

अंगणात गोणपाट अंथरलं. गाडी ओंडक्यावर चढवली. आबांनी पान्यानं मोठा नट सोडवला, साखळी उतरवली, चाक बाहेर काढलं. इथपर्यंत सगळं ठीक. पण टायरची कड रिमला गंजानं धरली होती. खाऱ्या वाऱ्यात लोखंड आणि रबर एकमेकांना सोडत नाहीत. आबा टायरवर उभे राहिले, टाचेनं ठोकलं, शेवटी फळी ठेवून वर दगड आपटला. पट्ट्या म्हणून उघाडीच्या दाराला लावायच्या दोन लोखंडी सळ्या होत्या, टोकाला ठोकून चपट्या केलेल्या. दुसऱ्या सळीवर आबांनी सगळं वजन टाकलं, ती सटकली आणि तळहात अंगठ्याच्या मुळापासून फाटला. आये दारात उभी होती. ती आत गेली, हळद घेऊन आली, हात बांधला, आणि परत दारात जाऊन उभी राहिली.

तरी टायर उतरला. भोक सापडलं, घरात होतं ते सोल्युशन, म्हणजे रबर चिकटवायचा डिंक, लावून सायकलच्या जुन्या ट्यूबचं ठिगळ चिकटवलं. मग मी पाट्यावर मीठ वाटलं. चांगलं बारीक, वस्त्रगाळ. दोन मुठी भरून ट्यूबला चोळलं आणि उरलेलं टायरच्या आत टाकलं. आबा म्हणाले, “बास झालं ना?” मी म्हटलं, चाचांनी चांगलं भरपूर घातलं होतं. आपल्याला मिठाची काय कमी? इतका अभिमान वाटला मला त्या कामाचा. अजून आठवलं की कान गरम होतात.

पहिल्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा सूर्य हातभर वर आला होता. मी दोन्हीकडे पाय टाकून मागे, पाठीला दप्तर, मांडीवर डबा. आबांच्या बांधलेल्या हातावर हळदीचा डाग. गाव आपापल्या दारात उभं होतं. कुणी बोललं नाही, पण बघत सगळे होते. देवळासमोर आबांनी मुद्दाम गाडी सावकाश केली, पंचांना नीट दिसावं म्हणून. मग बांध लागला. डावीकडे भरतीचं पाणी, उजवीकडे मिठाचे वाफे, मध्ये आम्ही. तोंडावर येणारा वारा खारट. मी मनात व्याकरण घोकत होते, आणि आबा मध्येच मागे न वळता विचारत होते, “पोटात काय खाल्लंस का नाय?” पहिल्या दिवसाचे पेपर झाले, दुसऱ्या दिवसाचे झाले. चाकानं कुरकुर केली नाही. मला वाटलं, आता जिंकलंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गेले तर मागचं चाक जमिनीला टेकून बसलेलं. पेपर भूमितीचा होता.

मी हवा भरून बघितली. भरत होते तितकी फुस्स करून जात होती. आबांचा हात सुजून जड झाला होता, अंगठा वळत नव्हता. गाडीची मूठ धरणं त्यांना कसंबसं जमत होतं, टायरच्या कडेवर जोर लावणं शक्य नव्हतं. मी गोणपाट अंथरलं, नट सोडवला, चाक ओढून काढलं आणि सळी घेऊन बसले. कड हलेना. गंज गेल्या वेळेपेक्षा जास्त, आणि ओला. माझ्या हातांना तेव्हा पेन धरायची सवय. पाच मिनिटांत दोन्ही तळव्यांना फोड आले. रडायला येत होतं पण रागच जास्त होता, कुणाचा ते कळत नव्हतं.

आये कधी बाहेर पडली ते आम्हाला कळलं नाही. ती धक्क्यावर गेली होती. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिनं गावातल्या माणसासमोर तोंड उघडलं, आणि तेही नात्यातल्या. गोमाकाकांना म्हणाली, “भावोजी, आजच्या दिवस पोरीला पलीकडं सोडा. हात जोडतंय.” गोमाकाका दोरी गुंडाळत राहिले. म्हणाले, “वहिनी, पंचांना विचारून ये. मंग नेतो.” ज्या माणसाच्या बायकोची तिन्ही बाळंतपणं आयेनं केली होती, तो हे बोलला. आये परत आली तेव्हा तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा होता. ती थेट पडवीत गेली आणि तिची कालवं काढायची लोखंडी पट्टी घेऊन माझ्या शेजारी बसली.

ती पट्टी वीतभर लांब, बोटभर रुंद, टोकाला जराशी वाकलेली. ओहोटीला बायका खडकावर बसून कालवं काढतात ती हीच. शिंपला बंद असतो, कड हाताला लागत नाही. ताकदीनं उघडायला गेलं की फुटतो आणि आतलं मांस वाया जातं. आयेनं माझ्या हातातली सळी बाजूला टाकली.

“कालवाला जोर नाय चालत, यमे,” ती म्हणाली. “त्याची फट कुटं हाय ती शोदायची. मंग जरा जरा.”

तिनं कडेवरून बोट फिरवलं, एका जागी थांबली, तिथे पट्टी सरकवली आणि मनगट नुसतं वळवलं. गंजाची एक चकती उडाली. मग बोटभर पुढे, परत तेच. मी समोरच्या बाजूनं टाचेनं कड खाली दाबून धरली, कारण समोरची कड खाली गेली की या बाजूला ढील मिळते, हे मला तिच्याकडे बघता बघताच समजलं. आबांनी दोन्ही गुडघ्यांत चाक धरून ठेवलं. वळसा पूर्ण झाला आणि टायर निमूट बाहेर आला. आबा, जे गेल्या वेळी दगड घेऊन त्याच्याशी भांडले होते, ते तिच्याकडे बघतच राहिले. मी आयुष्यात पुढे चाळीस-पन्नास टायर तरी काढले असतील. अजून हात आयेचाच चालतो.

आत बघितलं तर ट्यूबवर तपकिरी चिखल. ठिगळ एका कडेनं उकललेलं, रबर जागोजागी खरवडलेलं. आयेनं बोटावर चिखल घेतला आणि जिभेला लावला.

“मीठ घातलंस?”

“चाचांनी घातलं होतं,” मी म्हटलं.

“चाचाच्या दुकानात मीठ कशाला असंल? तो काय टायर खारवून सुकवतो?”

आणि ती हसली. दोन महिन्यांनी. पदर तोंडावर धरून, खांदे हलेपर्यंत हसली. मग आबा हसले. मग मीही, फोड आलेल्या हातांनी डोळे पुसत. पेपर अकराला, नऊ मैल जायचं, चाक उघडं पडलेलं, आणि आम्ही तिघं वाळीत टाकलेल्या अंगणात बसून हसत होतो. शेजारचं घर कान लावून होतं, मला खात्री आहे.

ट्यूब गोड्या पाण्यानं धुतली, कोरडी पुसली, रिम चिंध्यांनी घासला. उरलंसुरलं सोल्युशन लावून ठिगळ पुन्हा बसवलं. आता पूड. मीठ नाही तर काय? आबा म्हणाले, तांदळाचं पीठ. आये म्हणाली, पीठ ओलं झालं की त्याची खळ होते, मंग टायर काढायला सगला गाव लागंल. पांढरं, सुकं, गुळगुळीत, बोटाला सरकणारं असं घरात काय आहे?

ती उठली आणि आत गेली. ट्रंकेच्या बिजागऱ्यांचा आवाज मी ओळखते. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात लुगड्याचा तो तुकडा होता. तिनं तो सोडला, डबा काढला, झाकणावरच्या फूल हुंगणाऱ्या बाईकडे क्षणभर बघितलं, आणि कालवाच्या पट्टीनं झाकणाखालचा पत्रा उचकटला.

मी म्हटलं, “आये, तो परत द्यायचा हाय.”

“चाक समोर धर,” ती म्हणाली.

तिनं ती पावडर अशी ओतली की घरात कधी साखर अशी ओतली नसेल. ट्यूबला चोळली, टायरच्या आत चोळली, रिमला चोळली. अंगणभर तो वास सुटला, ज्याची मी ट्रंकेपाशी बसून चोरी केली होती. मग कड बसवली, निम्मी हातानं, निम्मी पट्टीनं. सायकलच्या पंपानं हवा भरली. आये भरायची, ती थकली की मी. आबा चाकाला कान लावून बसले होते. शेवटी त्यांनी मान हलवली. गळत नव्हती.

पनवेलला पोचलो तेव्हा घंटा होत होती. वर्गात शिरले तर हात धुवायलाही वेळ मिळाला नव्हता. नखांत गंज, तळव्यांवर फोड, आणि हातांना पावडरचा घमघमाट. शेजारच्या बाकावरची मुलगी माझ्याकडे बघून हसली, तिला वाटलं असेल, ही नटून आलीय परीक्षेला. मी वर्तुळाची स्पर्शिका काढली. उत्तरपत्रिकेवर माझ्या अंगठ्याचा पांढरा ठसा उमटला. तो तसाच राहू दिला.

त्यानंतर चाकानं एकदाही दगा दिला नाही. सगळे पेपर झाले.

मोडलेल्या सोयरिकीच्या वस्तू पंचांसमोर सुपात घालून परत द्यायच्या, असा आमच्याकडे रिवाज. बाईनं त्या ठिकाणी बोलायचं नसतं, सूप ठेवून मागे सरायचं असतं. आये सूप डोक्यावर घेऊन गेली, मी मागून. ओट्यावर पंच, एका बाजूला मुलाचा मामा, कडेला गोमाकाका. साडी होती, बांगड्या होत्या, डबा होता. मामानं एकेक वस्तू उचलून बघितली. डबा हलवला. आवाज नाही. झाकण काढलं, उलटा केला. एक कणही पडला नाही.

“पावडर कुठं गेली?” त्यानं पंचांना विचारलं.

आये मागे सरली नाही. म्हणाली, “माझ्या पोरीच्या चाकात हाय. परत मिलायची नाय. तुमाला डबा न्यायचा तर न्या.”

मामानं डबा सुपात टाकला, साडी-बांगड्या उचलल्या आणि चालता झाला. पंचांपैकी सगळ्यात म्हातारे होते ते आबांना म्हणाले, “शब्द पुरा झाला.” एवढंच. दुसऱ्या दिवशी धक्क्यावरून गोमाकाकांनी हाक मारली, “यमू, चल, बस.” मी ऐकलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता आणि मला वाईटही वाटलं. पण मी बसले नाही. आबांनी गाडी सुरू केली होती, आणि त्या दिवशी मागच्या सीटवर त्यांच्या-माझ्यामध्ये आयेसुद्धा होती, नऊवारीत, दोन्हीकडे पाय टाकून, डोळे गच्च मिटून.

आम्ही इब्राहिमचाचांकडे गेलो, ती पूड कसली ते विचारायला. “शंखजिरं, बेटी,” ते म्हणाले. पावडरीच्या डब्यात असतं तेच, फक्त बिनवासाचं. आम्ही मिठाचं सांगितलं तर त्यांना स्टुलावर बसावं लागलं. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी आयेच्या हातातला तो रिकामा डबा मागून घेतला आणि काठोकाठ शंखजिऱ्यानं भरून दिला.

तो डबा माझ्याकडे आहे. बाईचं चित्र पुसून गेलंय, तिचं फूल तेवढं राहिलंय. आज दुपारी वारा सुटला तशी मी खाली उतरले, बरोबर डबा आणि आयेची पट्टी. पार्किंगात नोटिशीच्या बरोबर समोर गोणपाट अंथरलं, चाक काढलं, कड सोडवली, ट्यूबला शंखजिरं चोळत बसले. सेक्रेटरी ऑफिसातून आला. माझ्याकडे बघितलं, फळ्याकडे बघितलं.

“आजी,” तो म्हणाला, “नोटीस वाचली नाही का तुम्ही?”

“वाचली की,” मी म्हटलं. “अकरावी पास आहे मी.”